एका सीटची मोटारसायकल

"हे जुनं झालं, साहेब. पुढच्या मॉडेलला बघा," असं म्हणून आमचा शेजारी हाताचं ग्रीस आमच्या जिन्याच्या कठड्याला पुसायचा. कठडा मी फडक्याने साफ करायचो.

भाईंदरला आमच्या इमारतीखाली त्याचा हा कारखाना. गाडी मूळची साधी शंभर सीसीची. पण दर दिवाळीला तिचं नवं 'स्पोर्ट्स मॉडेल' निघायचं. असा शेजारी तुम्हालाही लाभला असेल.

पहिल्या मॉडेलमध्ये मडगार्ड कापले गेले, दुसऱ्यात हँडल खाली गेलं. तिसऱ्यात मागची सीट गेली. त्याची बायको जवळच्या पाली गावातल्या शाळेत शिकवायची. तोवर तिला रोज तोच सोडायचा.

"चार किलो वाचले," तो म्हणाला.

"वहिनी धरून साठेक," मी चिडून म्हणालो.

"धरा की. मग तर मजाच आहे."

रविवारी सकाळी वेळ मोजायला मला घड्याळ देऊन घोडबंदर रोडवरच्या चेणे गावाजवळ उभं करायचा. तिसरं मॉडेल दुसऱ्यापेक्षा हळू निघालं. मी आकडा सांगितला.

"वारा आडवा होता."

झाडाचं पानही हलत नव्हतं.

इकडे बस चुकली की वहिनींना शाळेत बोलणी बसायची. अखेर त्या माझ्याकडे आल्या. "भावोजी, पुन्हा उशीर झाला तर वर्ग काढून घेणार आहेत. सीट तेवढी बसवायला सांगा."

मी सांगितलं. तो दुखावला. "सीट लावली की स्पोर्ट्स काय राहिलं, साहेब?"

वहिनींनी मग कोणालाच विचारलं नाही. मोपेड आणली.

चौथ्या मॉडेलला त्याने पेट्रोलमध्ये मिसळायचं ऑइल निम्म्यावर आणलं. धूर कमी, म्हणजे वेग जास्त, हा त्याचा सिद्धांत. पिस्टन जाम होईल, असं मी दोनदा बजावलं. चेण्यालाच जाम झाला. घोडबंदर रोडवर रविवारभर आम्ही ढकलत होतो.

सोमवारी तो मोपेडजवळ घुटमळत होता. "स्टेशनला सोडतेस?"

शाळा उलट्या दिशेला. वहिनींनी घड्याळ पाहिलं. "बसा. गप्प बसायचं."

गुडघे वर काढून तो मागे बसला. इमारतीच्या फाटकापर्यंत गप्प होता. तिथे वाकून त्याने इंजिनाचा आवाज ऐकला. "अगं, हिचा सायलेन्सर जरा कापला ना..."

"उतरा."

तो उतरला. डबा काखेत धरून चालू लागला. मी म्हटलं, बरं झालं.

वहिनी पुढच्या वळणावर थांबल्या होत्या. मागे न बघता, इंजिन चालू ठेवून.