परद्याआड ऐकलेला शेवट

सिनेमावर मत द्यायला जालन्यात कुणाला लाज वाटत न्हाई. ज्यानं बघितला तो बोलतो, अन् ज्यानं न्हाई बघितला तो जास्त बोलतो. आता तर बोलपट आलेत. सिनेमाच्या चादरीवरची माणसं बोलतात अन् बघणारे त्यांच्याहून मोठ्यानं बोलतात. बोला बाबांनो, बोला. मी माझ्या उभ्या जन्मात एकच बाई बघितली जिला सिनेमा खरंच कळायचा. तिचं नाव तुळजाबाई. तिच्याशी मी जे वागलो ते आजवर कुणाला सांगितलं न्हाई. परवा निजामाचं राज्य गेलं. ज्याला मी भ्यायचो तो रामराव मुकादम त्याच्या आधीच गेला. मंग आता झाकून कुणासाठी ठेवू?

मी मच्छिंद्र, जालन्यातल्या मस्तगडातला. ही गोष्ट मुक्या सिनेमांच्या वक्ताची. चित्र चालायचं, मधेच काळी पाटी यायची, अन् कोण काय म्हणालं ते तिच्यावर लिहिलेलं असायचं. उर्दूत, त्याच्याखाली गुजरातीत, कधी इंग्रजीत. आमच्या लोकांना त्यातलं काय वाचता येणार, कप्पाळ! मी उर्दू शाळेत सहा वर्षं काढलेली. म्हणून थेटरच्या मालकानं मला चादरीशेजारी स्टुलावर उभं केलं. पाटी आली की मी ती मराठीत ओरडून सांगायचो. बाईचं बोलणं बाईच्या आवाजात, सावकाराचं सावकाराच्या. लोक मला पाट्यावाला म्हणायचे. रस्त्यानं जाताना पोरं माझ्याच आवाजाची नक्कल करायची. लई मिजास होती मला, खोटं कशाला बोलू.

थेटर म्हणजे टिनाचं शेड. शुक्रवारी सुट्टी, म्हणून त्या दिवशी दुपारचा खेळ. एका बाजूला बायकांचा जनाना, अन् त्यांच्यापुढं जाड परदा. अंधार झाला की थेटरचा गडी दोरी ओढून परदा वर घ्यायचा. शेवटची दोन-चार मिनिटं उरली की परत खाली सोडायचा. कारण काय, तर बायकांनी लेकरं अन् चपला गोळा करून मागच्या दारानं आधी निघावं, गड्यांच्या नजरेला पडू नये. म्हणजे तिकीट बराबरीचं, पण सिनेमाचा शेवट जालन्यातल्या एकाही बाईनं डोळ्यांनी बघितलेला न्हाई. त्यांना ऐकू यायचा तो माझा आवाज. मी जे बोलंन तो शेवट.

दिवसा मी जिनिंगात कापूस तोलायच्या काट्यावर असायचो. तुळजाबाई तिथंच कापूस निवडायला. मूळची घनसावंगीकडची, तरुणपणीच नवरा गेलेला. दीर रामराव जिनात मुकादम, त्यानंच कामाला लावलेली. माझी नोकरीही त्याच्याच हातात, हे आत्ताच सांगून ठेवतो.

शनिवारी सकाळी कापसाच्या ढिगाभोवती बायका बसल्या की कालच्या सिनेमाची चिरफाड सुरू व्हायची. त्यात तुळजाबाईची जीभ सगळ्यात तिखट.

"आठ दिस रानात वनवास काढला म्हणं, अन् लुगड्याची घडीसुदीक मोडली न्हाई. ही बाई रानात गेल्ती का माहेरी?"

दुसऱ्या एका सिनेमात राणी स्वयंपाक करायची. तुळजाबाई म्हणाली, "परातीला हात कसा लावती बघितलं का? पीठ भिजवून राह्यली का मांजर कुरवाळून राह्यली?" बायका हसून लोळायच्या. मी काट्यावरून कान देऊन ऐकायचो. गड्यांची मतं हाटेलात, चहाच्या कपाबरोबर थंड होणारी. मारामारी भारी होती, घोडा भारी होता, एवढंच. ही बाई मात्र माणूस बघायची. कोण कुठं बघतं, हातात काय धरतं, काय सोडतं. मला तिचा हेवा वाटायचा. पाट्या वाचून मला जे कळायचं न्हाई ते तिला न वाचता कळायचं.

तिला एकच लेक, सोनू. सतरा वर्षांची, अंतरवालीला दिलेली. त्या दिवाळीला पोरगी माहेरी आली ती डावं मनगट वाकडं घेऊनच. हाड मोडलं होतं, अन् तिकडं कुणी बांधलंही नव्हतं, ते तसंच जुळून आलं. आईनं विचारलं तर म्हणाली, "जात्यावर पडले." तुळजाबाईनं परत विचारलं न्हाई. फक्त सांगून टाकलं, "माझी लेक परत जाणार न्हाई."

रामराव पेटला. पेटणारच. त्याच्या स्वतःच्या पोरीची सोयरीक सोनूच्या चुलतदिराशी ठरत आल्ती. सोनू माहेरी बसली तर ती सोयरीक मोडणार. रोज संध्याकाळी तो तुळजाबाईच्या दारात यायचा, समजवायचा, दम द्यायचा. ही बाई बिलकुल हलायची न्हाई. सोनूला सोबत घेऊन जिनात यायची, शेजारी बसवायची, अन् शुक्रवारी सिनेमाला न्यायची.

अन् नेमका तो सिनेमा आला.

त्यात एका बाईला नवरा मारतो. दारू प्यायचा, ढकलायचा, सासू बघत बसायची. एक दिवस बाई गाठोडं बांधते, घराची किल्ली उंबऱ्यावर ठेवते अन् निघते. एका धर्मशाळेत म्हातारी तिला आसरा देते. जनान्यात त्या दिवशी लेकरू रडलं न्हाई की बांगडी वाजली न्हाई. शेवटी नवरा धर्मशाळेच्या दारात येऊन उभा राह्यतो. पाटी आली. मी ओरडलो, "चल घरी!"

अन् जनान्यापुढचा परदा खाली आला.

इकडं चादरीवर ती बाई नवऱ्याकडं लई वेळ बघत राह्यली. मंग म्हातारीच्या पाया पडली, गाठोडं उचललं. पाटी आली. उर्दूत लिहिलं होतं, "मैं जाती हूँ."

मी ओरडलो, "येते मी!"

आता तुम्हीच सांगा, मी चुकलो का? घरातून निघताना आपल्यात कोण 'जाते' म्हणतं? लहानपणी तोंडातून 'जातो' निघालं की माझी आई फाडकन् थोबाडीत द्यायची. "येतो म्हण, मेल्या!" इतक्या पाट्या वाचल्या, पण कुठल्या बाईच्या तोंडी मी 'जाते' घातलं नव्हतं. जिभेला ते वळणच न्हाई. म्हातारीचा निरोप घेणारी बाई 'येते'च म्हणणार. मी बराबरच सांगितलं.

चादरीवर मंग ती बाई नवऱ्याच्या अंगावरून पुढं गेली, उलट्या रस्त्याला लागली अन् दिसेनाशी झाली. खेळ खलास. गड्यांनी हे डोळ्यांनी बघितलं, पण घरी जाऊन बायकोला सिनेमा सांगत बसायची रीत आमच्यात न्हाई. बायकांनी परद्यामागं चपला शोधता शोधता काय ऐकलं? "चल घरी!" अन् त्याच्यावर "येते मी!" बस्स.

शनिवारी सकाळी हाटेलात रामराव टेबलावर मूठ आपटून बोलून राह्यला होता. "असले सिनेमे बंद केले पाहिजेत! नवऱ्याला दारात उभा ठेवून बाई खुशाल निघून जाती, अन् खेळ संपला? आपल्या पोरीबाळी काय शिकतील?" दोघा-तिघांनी माना हलवल्या. मीही हलवली. हातातला चहा मला त्यानंच पाजलेला.

जिनात आलो तर ढिगापाशी द्वारकाबाई नावाची म्हातारी डोळे पुसून म्हणून राह्यली होती, "बरं झालं बाई, शेवटी गेली नवऱ्यासंगं. माझ्या जिवाला लई घोर लागला होता."

तुळजाबाई म्हणाली, "न्हाई जायची ती."

"अगं, आपल्या कानानं ऐकलं की! येते म्हणाली."

"ऐकलं. पण बघितलं मी काय? ती किल्ली ठेवून आली, द्वारकाबाई. माघारी जायची आस असती तर किल्ली कमरंला खोचून आली असती. किल्ली उंबऱ्यावर ठिवलेली बाई येते म्हणंल? ह्यात कुठंतरी खोट हाय."

मी काट्यावरून हे ऐकत होतो. शेवट न बघता बाईनं शेवट ओळखला होता. मनात म्हणलं, आता उठून सांगावं, तुळजाबाई, तुमचं खरं हाय. तेवढ्यात रामराव आत आला. बायकांचं बोलणं त्यानं दारातून ऐकलं असणार. एक पळभर तो थबकला, अन् त्याच्या तोंडावर जे हसू आलं ते मी मरेपर्यंत विसरणार न्हाई.

"काय वैनी," तो म्हणाला, "तुमच्या सिनेमातल्या बाईलासुदीक शेवटी अक्कल आली म्हणं. नवरा न्यायला आला अन् येते म्हणाली. आपल्या सोनूलाही न्यायला येऊन राह्यलेत, सोमवारी. मंग काय सांगू?"

अर्ध्या तासापूर्वी ह्याच तोंडानं त्यानं त्या बाईला शिव्या घातल्या होत्या! हरामखोर. मी म्हणतो हरामखोर, पण पुढचं ऐका, मंग त्याला म्हणायचं का मला ते ठरवा.

तुळजाबाई उठली. पदराला चिकटलेला कापूस झटकत सरळ काट्यापाशी आली. मागं सोनू, टोपली तशीच हातात.

"मच्छिंद्रभाऊ, तुम्ही शिकलेले. तुम्ही सांगा. पाटीवर काय लिहिलं होतं?"

रामराव येऊन काट्याला हात लावून उभा राह्यला. माझ्याकडं बघतही नव्हता. नुसता उभा. मला जिनातली नोकरी दिसली, घरातली पाच तोंडं दिसली. अन् खरं सांगू? स्टुलावरचा पाट्यावालाही दिसला. एवढ्या बायकांपुढं मी चुकीचं सांगितलं म्हणायचं, तर उद्यापासून माझी पाटी कोण खरी मानणार?

मी म्हणालो, "मी बराबरच वाचलं, तुळजाबाई. येते असंच म्हणाली ती."

ती माझ्या तोंडाकडं बघत राह्यली, चादरीवरच्या माणसांकडं बघायची तशी. माझे हात कुठं, नजर कुठं. तिला दिसलं असणार. पण लिहिलेल्या अक्षरापुढं ती काय बोलणार? तिला वाचता येत नव्हतं ना.

"मंग माझंच चुकलं," ती म्हणाली.

मागं सोनूनं टोपली खाली ठेवली. आईला म्हणाली, "ती गेली ना नवऱ्यासंगं, आई. मंग मीबी जाईन. रोज दारात येऊन काका तुला बोलतात, ते मला ऐकवत न्हाई."

सोमवारी अंतरवालीची बैलगाडी आली. नवरा गाडीतून खालीही उतरला न्हाई. रामरावच्या घरून नारळ आला, द्वारकाबाईनं ओटी भरली. मीही गेल्तो. न जाऊन चाललं नसतं. सोनू उंबऱ्यावर उभी राह्यली. आईकडं बघितलं, मंग माझ्याकडं. मंग म्हणाली,

"जाते मी."

बायका दचकल्या. द्वारकाबाई ओरडली, "अगं बया, असं नको म्हणूस! येते म्हण, येते म्हण!" तुळजाबाईनं तिचे दोन्ही हात धरले, ते वाकडं मनगटही. "सोने, येते म्हण गं. माझी आण हाय तुला."

पोरीनं हात सोडवून घेतले. गाडीत जाऊन बसली. पाटीवरचा शब्द जशाला तसा तिच्या तोंडून आला होता, अन् तो तिथं मला एकट्यालाच वाचता येत होता. तरीबी मी गप.

फाल्गुनात रामरावच्या पोरीचं लग्न झालं. मी जेवलो त्या लग्नात. बुंदी होती. सोनू मांडवात आली नव्हती. तब्येत बरी न्हाई म्हणाले. पुढं भर उन्हाळ्यात अंतरवालीहून माणूस आला. सोनूचा विहिरीवर पाय घसरला म्हणाला. तुळजाबाई पोचली तोवर सगळं उरकून टाकलं होतं. तिला राखेपाशी नेऊन उभं केलं.

ती परत कामावर आली. कापूस निवडायची, पण सिनेमावर कधी बोलली न्हाई. शनिवारी बायका आपणहून दुसराच विषय काढायच्या. तुळजाबाई समोर असली की मी काट्यावर नजर खाली घालून उभा राह्यचो.

वर्षानं तोच सिनेमा परत आला. आमच्याकडं जुनी चित्रं अशीच फिरून यायची. शुक्रवारी मी स्टुलावर चढलो, परदा वर गेला अन् चादरीच्या उजेडात जनान्यात पुढच्या रांगेला तुळजाबाई बसलेली दिसली. पाट्या वाचत गेलो. बाईनं गाठोडं बांधलं, किल्ली ठेवली, धर्मशाळेत आली. नवरा दारात उभा राह्यला. मी म्हणालो, "चल घरी."

थेटरच्या गड्यानं दोरी सोडली. परदा खाली आला अन् अर्ध्यात अडकला. तुळजाबाईनं दोन्ही हातांनी तो वर धरला होता. गडी खेकसला, "ए बाई, सोड!" गड्यांच्या बाजूनं कुणी शिट्टी मारली. तिनं सोडला न्हाई. सगळ्या पुरुषांपुढं, डोक्यावरचा पदर घसरलेला, हात वर करून ती चादरीकडं बघत राह्यली. म्हातारीच्या पाया पडणारी बाई बघितली. पाटी आली.

मी गप्प.

"वाचा, मच्छिंद्रभाऊ," ती म्हणाली. मोठ्यानं न्हाई, पण थेटरभर ऐकू गेलं.

मी वाचलं. "जाते मी."

ती बाई उलट्या रस्त्यानं निघून गेली तोवर तुळजाबाईनं परदा धरून ठेवला. मंग सोडला. थेटरात उजेड झाला. मागच्या दारापाशी शेजारणीनं तिला हाक मारली, "तुळजाबाई, थांब की, संगं जाऊ." ती थांबली न्हाई. कुणालाही 'येते' न म्हणता निघून गेली.