आप्पांचा भुतांचा खेळ

आप्पा गेल्याचा फोन शेजारच्या घरी आला. मी ओसरीवर सहामाहीचे पेपर तपासत बसले होते. शेजारच्या वहिनी कुंपणावरून हाक मारून म्हणाल्या, "सांगलीचा फोन होता, तुमचे काका..." पुढचं त्यांना बोलवेना आणि मलाही ऐकायची गरज पडली नाही. हातातला पेपर मी पुरा तपासला, गुण घातले, मग उठले. रडू आलं नाही. जे वाटत होतं त्याला नाव सापडत नव्हतं. ते सापडलं तेराव्याला, गावाकडे, जिलबीच्या पंगतीत. ती किळस होती.

आप्पा माझे धाकटे चुलते, आणि सगळ्या चुलत्यांत लाडके. फौजेत बिनतारी विभागात होते, हवालदार होऊन निवृत्त झाले आणि सांगलीत भाड्याच्या खोलीत त्यांनी संगणक वर्ग काढला. शहाण्णव साली मी त्यांच्याकडे राहून बी.एड. करत होते. वर्गाच्या दाराशी चपलांचा ढीग असायचा, कारण आत चप्पल घालून जायची कुणाला मुभा नव्हती. यंत्रांवर काकींनी शिवलेल्या फुलाफुलांच्या खोळी. पोरांनी धाडकन बटण बंद केलं की आप्पा खवळायचे, "आरं, शिस्तीत बंद कर! मशीन हाय ती, बैल न्हाई!" दुपारी एक ते तीन वर्ग रिकामा असायचा, आणि त्या वेळात आम्ही दोघं भुतं शोधायचो.

यंत्र विकणाऱ्याने एक सीडी फुकट दिली होती. विलायतेतला एक ओसाड बंगला, त्यात आपण भुतं शोधणारे. पळायचं नाही, गोळ्या झाडायच्या नाहीत. पडद्यावर खोलीचं चित्र आणि हातात माऊस. बाण कपाटावर नेऊन दाबला की कपाट उघडणार, पत्रावर दाबला की पत्र वाचायला मिळणार. इंग्रजी पत्रं मी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचायची आणि आप्पा खोल्यांचे नकाशे वहीत काढायचे, फौजी पद्धतीने, उत्तर दिशेसकट. प्रत्येक भुताचं काय झालं होतं ते शोधून काढलं की ते भूत निघून जायचं, आणि वहीत त्याच्या नावापुढे आप्पा लाल पेनाने "सुटलं" असं लिहायचे. एकदा मी विचारलं, याला मारायचं कसं? तर हसले. म्हणाले, "भुताला हानायचं नसतंय, सुनंदे. त्येला इचारायचं असतंय, बाबा, तुज्यासंगं झालं काय." मला तेव्हा ते इतकं आवडलं होतं की मैत्रिणींना सांगत सुटले होते. आज ते वाक्य आठवलं की तोंड कडू होतं.

कारण आमच्या घरचं भूत आप्पांना चांगलं माहीत होतं. गावाकडच्या आमच्या मळ्यातल्या विहिरीत थोरल्या काकू, शालनकाकू, बुडून गेल्या. मी तेव्हा पाच वर्षांची आणि त्यांची मुलगी मंगलताई सात वर्षांची. पाणी शेंदताना पाय घसरला, असं घरात सांगत. वर्षाच्या आत थोरल्या काकांनी दुसरं लग्न केलं. नव्या काकूंना ताप यायला लागला, तेव्हा भगताने सांगितलं की पहिली अजून विहिरीतच आहे. झालं! तेव्हापासून दर अवसेला विहिरीवर हिरव्या बांगड्या, ओटी आणि पत्रावळीवर दहीभात. लहानपणी ती पत्रावळ मीही नेली आहे. आदल्या महिन्याचा भात तिथेच काळा पडलेला असायचा, त्याला मुंग्या, वर आंबूस वास. ठेवायचं आणि मागे न बघता परत यायचं. एका बाईला जिवंतपणी कुणी सुखाने घास खाऊ दिला नाही, ती मेल्यावर तिची हडळ केली आणि वर तिलाच जेवू घालून पुण्य लाटलं! मंगलताईला स्थळं यायची ती विहिरीची गोष्ट कानावर पडली की परत जायची. शेवटी साताऱ्यात तिचं जमलं, तेही आप्पांनी खटपट केली म्हणून. हे मात्र खरं आहे आणि ते सांगितलंच पाहिजे.

तर त्या खेळात एक मोलकरीण होती. जिन्याच्या पायथ्याशी नुसती उभी असायची. पत्रांत लिहिलेलं, की दिवा घेऊन उतरताना ती पडून मेली. दिवा तिथेच, शेवटच्या पायरीवर. त्या खोलीत आम्ही आठ दिवस अडकलो. आप्पांनी गालिचा उलटून पाहिला, घड्याळ पाहिलं, कठड्याचा प्रत्येक गज पाहिला. एवढा बारकाईचा माणूस, पण दिव्यावर काही बाण नेईना. मी म्हटलं, "आवं आप्पा, दिवा राहिला की." ते म्हणाले, "दिव्यात काय असतंय?" मग मीच माऊस ओढून घेतला आणि दाबला. दिवा कोरडा होता. तेल नाही, वातसुद्धा जळलेली नाही. मी आनंदाने ओरडले, "म्हणजे दिवा नंतर कुणीतरी आणून ठेवलाय! ती दिवा घेऊन उतरलीच नव्हती!"

आप्पांनी भिंतीवरचं बटण खाडकन बंद केलं. पोरांचे ज्यासाठी कान पिळायचे तेच त्यांनी केलं. पंखाही थांबला. काळ्या पडद्याकडे बघतच ते म्हणाले, "कळशी मी ठेवली हुती, सुनंदे."

मला आधी कळेचना. मग त्यांनी सांगितलं, तुटक तुटक... ते तेव्हा रजेवर आले होते. सकाळी थोरल्या काकांनी शालनकाकूंना सोप्यात सगळ्यांदेखत मारलं. कशावरून? तर भाकरी करपली म्हणून. काकू उठल्या आणि मळ्याकडे निघून गेल्या, रिकाम्या हातांनी. दुपारी विहिरीत सापडल्या. आजोबा, म्हणजे आप्पांचे वडील, त्यांना बाजूला घेऊन म्हणाले, बाई रिकाम्या हाताने विहिरीवर का गेली असं लोक विचारतील, थोरल्याची नोकरी जाईल, कळशी नेऊन ठेव. "मी ठिवली. पंचनाम्यावर सहीबी केली. हुकूम ऐकायची सवय हुती गं. उडी मारली का पाय घसरला, मला ठावं न्हाई. पाण्याला गेली नव्हती, येवढं खरं."

मी म्हटलं, "मंगलताईला सांगा." ते म्हणाले, "सांगतो. दिवाळीला साडी घिऊन जातो, तवा सांगतो." तीन दिवाळ्या गेल्या. साडी पोचली, फराळाचा डबा पोचला, बोलणं काही पोचलं नाही. मी विचारलं की "वेळ जमली न्हाई" एवढंच उत्तर. आणि खरं सांगू? मला सर्वांत जास्त शिसारी आली ती या गोष्टीची, की त्या दुपारनंतर आठवडाभरात आप्पा पुन्हा तो खेळ खेळायला बसले. वहीत त्या मोलकरणीपुढे लाल पेनाने लिहिलेलं मी पाहिलं, "सुटली." पुढच्या भुताचा नकाशासुद्धा काढून तयार होता. माझ्यावर त्यांनी तितकीच माया केली, माझी फी भरली, मला नोकरी लागली तेव्हा गल्लीत पेढे वाटले. त्या मायेवर मी थुंकू शकत नाही आणि ती गिळवतही नाही.

तेराव्याला थोरले काका बोलायला उभे राहिले. "आमचा आप्पा लय शिस्तीचा. आयुष्यात कुनाचं वाईट केलं न्हाई," म्हणाले आणि डोळे पुसून जिलबी घेतली, दोनदा घेतली. पंगत माना डोलवत होती. पलीकडे मंगलताई आप्पांच्या फोटोला वाकून नमस्कार करत होती. मी पानावरून उठून मागच्या मोरीत जाऊन ओकले. नव्या काकूंनी पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "बाधा झाली असंल. अवसेला इकडं ये, उतरून टाकू." कुणाची बाधा, हे न विचारता मी चूळ भरली.

हा लेख लिहायला घेण्याआधी मी मंगलताईकडे गेले. ती ओट्यापाशी भाजी निवडत होती. मी सगळं सांगितलं: कळशी, पंचनामा, सही, आणि तीन वर्षं मला हे ठाऊक होतं, तेही. तिने मेथीची जुडी पुरी निवडली. मग म्हणाली, "कळशी त्या दिवशी माज्याजवळ हुती. मी हौदावर घासत बसले हुते. आप्पांनी माज्या हातातनं घेतली."

मी म्हटलं, "मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"कुनाजवळ? समद्यांस्नी ठावं हुतं की. मला ठावं न्हाई, असं तेवढं समजत हुते." तिने हनुवटीनेच कोपऱ्याकडे दाखवलं. तिवईवर पितळी कळशी होती, लखलखीत, वर झाकण. "हीच ती. लग्नात आप्पांनीच दिली. सगळी भांडी स्टीलची, ही येवढी पितळंची. काय बोलले न्हाईत, ठिवली आन गेले."

त्या घरी मी पाच वर्षं जाते आहे. प्यायचं पाणी त्यातलंच असतं.

"लिही तू," ती म्हणाली. "माजं नाव बदलू नगंस. आन ह्येबी लिही. दर दिवाळीला आप्पा आले की मी ह्यातलंच पानी म्होरं ठिवायची. येकदाबी प्याले न्हाईत. तहान न्हाई म्हनायचे. मे महिन्यात आले तरीबी तहान न्हाई म्हनायचे."

मग तिने झाकण काढलं, फुलपात्र भरलं आणि माझ्यापुढे ठेवलं.