काचेवरची पाटी

आमच्या घराण्यातल्या एकुलत्या एका काचेच्या निगेटिव्हला तिच्या आयुष्यातली सर्वांत मोठी इजा मी तिला जपताना केली.

निगेटिव्ह येरवड्याच्या विमलआत्याची. तीत तिचे आईवडील, म्हणजे माझे आजी-आजोबा, शेजारी शेजारी बसलेले. आजीचा दुसरा फोटो जगात नाही, आणि याचीही छापील प्रत कधीच हरवलेली. काच मात्र आत्याच्या कपाटात लुगड्याच्या घडीत इतकी वर्षं सुखरूप होती. (त्या काळात मी तिच्याजवळ गेलो नव्हतो.)

रविवारी जुन्या फोटोंचं काम करणाऱ्या शिंदेबाई येऊन तिचा डिजिटल फोटो काढणार होत्या. या विषयावर मी दोन लेख वाचले होते, म्हणजे घरातला तज्ज्ञ मीच. पांढरे हातमोजे घालून तासभर बोललो. काच कडेनं धरायची, पुसायची नाही, फुंकर मारायची नाही.

"श्वास घेतला तर चालेल का रे?" आत्यानं विचारलं.

"लांबून."

तेवढ्यावर भागलं असतं. पण जन्म पुण्यातला. जपायची वस्तू आणि तिला पाटी नाही, हे मनाला पटेना. सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'हात लावू नये'. काचेची चकचकीत बाजू खराब होऊ नये म्हणून पाटी मागच्या निस्तेज बाजूला, दोन्हीकडून चिकटणाऱ्या टेपनं घट्ट बसवली.

रविवारी शिंदेबाईंनी काच उजेडाच्या पेटीवर ठेवली.

"चित्राचा थर याच बाजूला असतो," त्या म्हणाल्या. "पाटी कोणी लावली?"

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. मी हातमोज्यांकडे पाहिलं.

"असू दे. आता ती काढायला मात्र जाऊ..."

"हलकेच निघते हो," म्हणत मी ती काढलीसुद्धा.

पाटीबरोबर आजोबांचा चेहरा आला. फेट्यासकट!

"आई?" आत्यानं एवढंच विचारलं.

शिंदेबाई भिंग घेऊन वाकल्या. "आहेत. नथीसकट."

मग त्यांनी काढलेला फोटो लॅपटॉपच्या पडद्यावर उमटला. आजी हसतेय, आणि शेजारी कडक कोटावर काळा चौकोन, पेपरात आरोपीचं तोंड झाकतात तसा. आत्यानं आधी आईकडे पाहिलं, मग वडिलांच्या चौकोनाकडे.

"नाना घरात तसंही कुणाला तोंड दाखवत नसत," ती म्हणाली.

फोटो आता तिच्या भिंतीवर आहे. शेजारच्या फ्रेममध्ये माझी पाटी. मागच्या बाजूला आजोबा असल्यामुळे ती टाकता येत नाही. आत्यानं मजकुरात फक्त एक शब्द वाढवलाय: 'भाच्याने हात लावू नये.'