मेण न लावलेला गोळा

सौसरहून भाच्याचा, प्रशांतचा फोन आला, "मामी, आई गेली," तेव्हा मला आधी संशयच आला. शीलाताईंनीच त्याला असं बोलायला लावलं असेल, पांढुर्ण्याची भावजय कितपत रडते ते पाहायला... माझ्या नणंदेच्या बाबतीत हे अगदी अशक्य नव्हतं. मग प्रशांतला हुंदका फुटला आणि माझा संशय फिटला.

ताईंचा दूधवाल्यावर संशय, डॉक्टरवर संशय, आणि माझ्यावर तर मी माप ओलांडून घरात आले तेव्हापासून. माहेरी आल्या की मी घासलेल्या भांड्यांवरून बोट फिरवायच्या. "मंदे, परत घास." काही बिनसलं की "ती परघरची" हे ठरलेलं. मीही काही कमी नव्हते. त्या कधी गोड बोलल्याच, तर आता काय हवंय, असा प्रश्न मला पडायचा. पण या बाईनं एकदा तरी मला आपली म्हणावं, ही आस मात्र सुटली नाही.

प्रशांत नागपूरला नोकरीला. काही वर्षांपूर्वी बढती मिळाली म्हणून त्यानं आम्हा दोघींना तिथल्या मॉलमध्ये बोलिंग खेळायला नेलं. ताईंनी लालभडक, चकचकीत गोळा निवडून पट्टीवर सोडला, तो घसरत गेला थेट कडेच्या नालीत. समोरच्या दहाही पिना जागच्या जागी. ताई वाकल्या, पट्टीवर बोट फिरवलं, नाकाशी नेलं.

"कोनी तं तेल लावून ठेवलं हाय इथं! हरवाचा डाव हाय आपल्याले."

आम्ही हसलो. पण तिथला माणूस म्हणाला, तेल मुद्दामच लावतात, आणि आज तर ताजं, भरपूर आहे. त्यावर चकचकीत गोळा घसरणारच. खरखरीत, बिनचमकीचा घ्या, तो तेलातही पट्टी धरतो आणि शेवटाला वळतो. ताईंचा चेहरा असा खुलला, जणू आयुष्यभराच्या संशयाला कोणीतरी पावती दिली होती.

"पाह्य! रामाकोना गावच्या संत्र्याच्या बगीच्यात मी का सांगत होती? संत्रा लई चमकला तं समजाचं, मेण लावलं हाय. गोळ्याचंबी तसंच हाय."

त्यानंतर नागपूरला गेलो की आमचं खेळणं ठरलेलं. ताई एकेका गोळ्यावर नख घासून बघत, सगळ्यात मळकट दिसेल तो घेत आणि मला सपशेल हरवत. मग स्वतःचा गोळा घ्यायचं त्यांच्या मनानं घेतलं. दुकानात बोटांच्या भोकांसाठी हाताचं माप घेतात. ताईंनी आपला हात पदराखाली नेला आणि माझा पुढे केला. "माह्या बोटाच्या गाठी सुजून राहिल्या. हिचंच माप घ्या. एकाच घरातले हात हायेत." परघरचीचा हात अचानक घरातला झाला, तेव्हा मी सावध झाले. यात काहीतरी काळंबेरं होतं, नक्की!

तो गोळा त्यांनी कधी नागपूरला आणलाच नाही. सौसरला ओसरीत बसून भांड्यांच्या घासणीनं तो घासत राहायच्या. मी हात पुढे केला की झटकन पिशवीत. पुढे अंथरुणाला खिळल्या तेव्हा मी सहज विचारलं, तर म्हणाल्या, "चमकून राहिला अजून. तयार नाई झाला." माझा हात लागू नये म्हणूनच हे, असं मला वाटलं. फार लागलं ते मनाला...

तेरवी झाल्यावर प्रशांतनं ती पिशवी माझ्यापुढे ठेवली. "आईनं तुम्हालेच द्याले सांगितलं, मामी." गोळा राखेसारखा मळकट झाला होता, चमक नावाला नाही. मी भोकांत बोटं घातली. ती अलगद आत गेली, अगदी मापात. ताईंच्या सुजलेल्या गाठी त्या भोकांतून कधीच गेल्या नसत्या, आणि हे त्यांना दुकानातच ठाऊक होतं. सगळ्या पाहुण्यांसमोर मी ओक्साबोक्शी रडले.

पिशवीच्या तळाशी एक कोरी घासणी होती. म्हणजे माझ्या घासण्यावर पुरता भरवसा नव्हताच! आता तो गोळा माझ्या स्वयंपाकघरात, भांड्यांच्या मांडणीखाली असतो. खेळून आले की मी त्याचं तेल पुसते, घासते, वरून बोट फिरवते आणि जरा थांबते... मग मी तो परत घासते.