डाळीच्या वाटीवरून भांडलेल्या कांबळेबाई

श्रीमती शकुंतला कांबळे यांची नि माझी पहिली ओळख भांडणातच झाली. नव्वदीच्या दशकाच्या मध्याला मी कोल्हापुरातल्या एका धर्मादाय दवाखान्यात नवा डॉक्टर होतो, बाई तिथल्या आहारतज्ज्ञ. मी लिहिलेला पथ्याचा कागद हातात धरून त्या वॉर्डात आल्या आणि म्हणाल्या, "डाळ बंद, दूध बंद, मीठ बंद. मग डॉक्टर, माणसानं खायचं काय? तुमची सही?" मला राग यावा की हसू, तेच कळेना. आज बाईंच्या साठीनिमित्त लिहायला बसलो तरी तीच गत आहे. चार कागद फाडले. त्यांना थोर म्हणावं की हट्टी, ठरतच नाही.

तो कागद होता आप्पांचा. गडहिंग्लजकडचे जैन शेतकरी, दारूला कधी शिवले नव्हते. जुन्या काविळीनं यकृत निबर झालं होतं, म्हणजे सिरोसिस. पोटात पाणी, हातापायांच्या काड्या. एकदा गुंगीत जाऊन बरळलेही होते. अशांना प्रथिनं दिली की गुंगी वाढते, असं आम्ही शिकलो होतो. बाई म्हणत, "दंड धरून बघा. उपाशी शरीर स्वतःचंच मांस खातंय." मला दोघांचंही पटायचं, पुस्तकाचं आणि बाईंचंही! शेवटी मोठ्या डॉक्टरांनी बाईंच्या बाजूनं कौल दिला.

त्यात आप्पांचा नियम आडवा आला. दिवस मावळल्यावर ते पाणीसुद्धा घेत नसत आणि अशा यकृताला लांबलचक उपास सोसत नाही. बाई आता नियम मोडायला लावणार, असं मला वाटलं. त्यांनी नियमाला बोटही लावलं नाही. दिवस बुडायच्या आत मूगडाळ, भात, दही. उजाडताच दुधात कालवलेलं सातूचं पीठ. स्वयंपाकघर आठला उघडायचं, म्हणून पहिल्या बसनं बाई स्वतः येऊ लागल्या.

आठव्या दिवशी आप्पा पुन्हा गुंगीत गेले. बायकोलाही, म्हणजे काकूंनाही, ओळखेनात. मी बाईंवर ओरडलो, "घाला अजून डाळ!" आणि डाळ बंद लिहायला पेन काढलं. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. तरी त्यांनी काकूंना शांतपणे विचारलं, "पोट कधी साफ झालं यांचं?"

"तीन दिस न्हाय की वो," काकू म्हणाल्या. "ते गोड औषध मीच बंद केलं. रोज तीन-चार डाव जायला लागत हुतं. आधीच माणूस गळालाय, त्यात आणि जुलाब!"

अरे देवा! ते जुलाब आम्हीच मुद्दाम करवत होतो. पोट तुंबलं की तिथलं विष डोक्यात चढतं, हे काकूंना आम्ही कुणी सांगितलंच नव्हतं. एनिमा दिला, औषध पुन्हा सुरू केलं. दोन दिवसांनी आप्पा उठून बसले आणि ताटाकडं बघून म्हणाले, "आज डाळ न्हाय व्हय?" मला कुठं तोंड लपवू असं झालं. यकृत काही बरं झालं नाही, पण आप्पा पुढं कितीतरी सुगी आपल्या पायानं शेतात गेले.

मग मात्र माझी झोप उडाली. एक दिवस बाईंना गाठून विचारलं, "याआधी ज्यांची डाळ मी बंद केली, त्यांचं काय?"

 बाई म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही नुसतं लिहिलंत. ताटातली वाटी मी उचलली. तुमच्याही आधीपासून, कितीतरी जणांच्या. आप्पांच्या वेळी हातच उचलेना, म्हणून भांडले."

 त्याचं उत्तर आज सगळ्यांच्या साक्षीनं देतो. बाई, उदंड जगा, ठणठणीत राहा आणि त्या वाट्यांचं ओझं एकट्यानं वाहू नका. निम्मं माझं आहे.