राखेनं घासलेले मोबाईल

ताडकळसच्या सरजाबाईंनी तीस वर्षं डोक्यावर टोपलं घेऊन गावोगाव भांडी दिली. जुने कपडे घ्यायचे, बदल्यात स्टीलची वाटी नाहीतर ताटली द्यायची. अलीकडं गुडघे साथ देईनात. म्हणून मोबाईल कंपनीचा माणूस, हरिओम, मी कारकून असलेल्या ग्रामपंचायतीत आला तेव्हा त्या सगळ्यांच्या पुढं येऊन बसल्या.

हरिओमनं सांगितलं, निकामी झालेला माल परत घेऊन नीट मोडण्याची जबाबदारी कायद्यानं कंपनीवर आहे. जो कोणी आमच्या कंपनीचे पन्नास किलो जुने मोबाईल आणील, त्याला गावातलं संकलन केंद्र मिळेल. टेबल, खुर्ची आणि महिन्याचा पगार.

"म्हंजे बसून काम हाय म्हणा की," सरजाबाई म्हणाल्या.

त्यांना वाचता येत नव्हतं, पण कंपनीच्या नावाचा आकार त्यांनी डोळ्यात साठवला. पेडगाव, पोखर्णीपर्यंत फिरून नेमके त्याच नावाचे मोबाईल घेतले. बदल्यात द्यायची भांडी संपली, मग घरातली गेली. चार महिन्यांत दोन पोती भरली.

ठरल्या दिवशी हरिओमनं सरजाबाईंच्या दारात पोतं उघडलं. माल लखलखत होता.

"मावशी, यावरचं नाव कुठंय?"

"राखेनं घासलं की. आत चिकटवलेल्या चिठ्ठ्याबी भिजवून काढल्या. मोंढ्यात निवडलेल्या मालालाच भाव असतो, भाऊ. तुमाला काय मळका देऊ?"

तो पोट धरून हसला. "अहो, नावच नाही तर हा माल आमचा कशावरून?"

"एकेक बघून घेतलाय म्या. पोखर्णीच्या नरसिंहाची आण."

"आण वजनात धरत नाहीत, मावशी."

त्यानं त्यांना हातमोजे घालायला लावून फोटो काढला, हातमोजे परत घेतले आणि पोती तिथंच ठेवून गेला. पंधरवड्यानं पंचायतीला कंपनीचं पत्र आलं : सरजाबाईंच्या घरात घातक कचऱ्याचा विनापरवाना साठा आहे, कंपनीचा त्याच्याशी संबंध नाही. साठा हलवण्याची सात दिवसांची नोटीस मीच टाइप केली. द्यायला गेलो तर सरजाबाईंनी आधी हात पुसले.

"साहेब, केंद्राचा कागद आला का?"

मी नोटीस वाचून दाखवली.

आठव्या दिवशी पंचायतीचा ट्रॅक्टर दारात लागला. महारुद्र ड्रायव्हरनं दोन्ही पोती ट्रॉलीत फेकली.

"लेकरा, पोती तरी रिकामी करून दे की," सरजाबाई म्हणाल्या.

"पोत्यासकट जाळायचा हुकूम हाय, मावशी."

हुकमात तसं काही नव्हतं. मी शेजारीच उभा होतो. वहीत दोन पोती लिहून घेतली.