पट्टेरी पिशव्या

सहकाऱ्यांकडे कोणी पापणीचे केस मागतं का? आमचे दादा मागायचे. "अगं, तुझ्या पापण्या छान सरळ आहेत, एक दे ना," असं ते मला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात म्हणाले. मला वाटलं, या माणसाचं डोकं काही ठिकाणावर नाही. मग कळलं की ते त्यांचं हत्यार होतं. काडीच्या टोकाला नेलपॉलिशने पापणीचा केस चिकटवायचा आणि पाण्यावर तरंगणारे काप त्याने हलकेच सरकवायचे. काप इतके पातळ की त्यांची जाडी नुसती रंगावरून ओळखायची. रुपेरी दिसला तर ठेवायचा, सोनेरी दिसला तर जाड, टाकून द्यायचा.

हॉस्पिटलच्या तळघरात आमची खोली होती. रुग्णाच्या किडनीचा तांदळाएवढा तुकडा तो टिकवणाऱ्या औषधाच्या बाटलीतून वरून यायचा. तो घट्ट राळेत बसवायचा, काचेच्या सुरीने कापायचा आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा. फोटो आम्ही काढायचो, डॉक्टर वर बसून ते फोटो बघून आजाराचं नाव लिहायचे. म्हणजे आम्ही जे दाखवलं नाही, ते त्यांना दिसायचंच नाही. हे मी तेव्हा असं सरळ शब्दांत कधी म्हटलं नव्हतं. आता म्हणते.

दादांना पेशीचं फार कौतुक. शेजारच्या बिऱ्हाडाबद्दल बोलावं तसे बोलायचे. "ही बघ आंतर्द्रव्यजालिका, इथे प्रथिनं तयार होतात. तिथून निघाली की इवल्याशा पिशवीत बसून गॉल्गी पिंडाकडे. तिथे त्यांच्यावर पत्ता पडतो, परत नव्या पिशवीत भरतात आणि ज्याचं त्याला पोचतं. आणि ही गोल, काळपट, ही लयकारिका. पाचक रस पिशव्यांतून इथे येतात, पेशीतला कचराही इथेच येतो आणि विरघळतो. आपल्या घरात कचरा काढायला दहा वेळा सांगावं लागतं, हिला एकदाही नाही." मी म्हणायचे, "मग तिलाच न्या घरी." वहिनींनी हे ऐकलं असतं तर आम्हा दोघांची धडगत नव्हती.

सगळं चांगलं होतं, पण फोटो सुंदर यावा याचं दादांना वेड होतं. त्यात एक डागही खपवून घ्यायचे नाहीत. कापांना शिशाच्या क्षाराचा रंग देताना श्वाससुद्धा रोखून धरायचे, कारण श्वासातल्या वायूने कापावर काळे ठिपके पडतात. मलाही धरायला लावायचे. दोघं तोंड फुगवून टेबलाशी उभे! कापाचा एखादा कोपरा बिघडलेला दिसला की ते तिथून सरकायचे आणि स्वच्छ जागेचा फोटो काढायचे.

एकदा एका बसचालकाचा तुकडा आला. वय एकतीस, लघवीतून प्रथिनं जात होती. त्याच्या पेशींत लयकारिका फुगून टम्म झालेल्या, आणि आत कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर, काही ठिकाणी नुसते पट्टे. दादा चिडले. "तुकडा वेळेवर औषधात टाकला नाही वॉर्डातल्यांनी. किती सांगायचं? पालथ्या घड्यावर पाणी!" तसं होतंही. तुकडा बाटलीत नीट मुरला नाही तर असेच थर उगीच तयार होतात, आम्ही ते शंभरदा पाहिलं होतं. त्यांनी पट्टे सोडून बाकीचे स्वच्छ फोटो काढले. नोंदवहीत लिहिलं, 'काही भाग खराब.' खाली त्यांची सही, तिच्याखाली तपासणारी म्हणून माझी. वरून साधी किडनीची सूज असा अहवाल गेला.

त्याला नऊ वर्षं झाली. नवीन आलेल्या डॉक्टरीणबाईंनी एके दुपारी आम्हा सगळ्यांना एका आजाराची माहिती दिली. लयकारिकेत एक ठरावीक पाचक रस जन्मतःच नसतो, त्यामुळे एका जातीची चरबी विरघळत नाही आणि थरावर थर साचत जाते. लहानपणापासून हातापायांची आग होते, घाम येत नाही, मग किडनी जाते, हृदयही धोक्यात येतं. आणि औषध आहे! तोच रस सलाईनमधून द्यायचा. पेशी तो बाहेरून गिळते, छोट्या पिशवीत घालून लयकारिकेपर्यंत नेते. पण लवकर द्यायला हवा, किडनी गेल्यावर ती परत येत नाही. मग त्यांनी पडद्यावर चित्र लावलं. तेच पट्टे.

दादांचा हात माझ्या मनगटावर येऊन पडला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी कोठारातून बसचालकाचा तुकडा बसवलेला राळेचा जुना ठोकळा शोधून काढला. आमच्याकडे ठोकळे टाकत नाहीत, तेवढं बरं. नवे काप घेतले. खराब कोपरा नव्हताच तो. सगळीकडे पट्टे होते, आणि बाकीची पेशी अगदी नीट मुरलेली होती. वॉर्डातल्यांची काही चूक नव्हती. त्याची फाइल काढून पाहिली. तीन वर्षांपासून डायलिसिसवर.

"मी वर जाऊन सांगतो," दादा म्हणाले.

"काय सांगणार?" मी म्हटलं.

"हेच. जे पाहिलं ते."

"दादा, चार महिन्यांवर निवृत्ती आली तुमची. त्याची किडनी तर गेलीच ना? आता सांगून कोणाचं भलं होणार आहे? उगीच विकतचं दुखणं."

"त्याच्या घरात अजून कोणी असेल. हा आईकडून येणारा आजार आहे."

"असेल तर येईल आपणहून डॉक्टरकडे. झाकली मूठ सव्वा लाखाची. बसा गप्प."

मला वाटायचं, आपण त्यांच्या काळजीपोटी बोललो. खोटं आहे ते. नोंदवहीतली दुसरी सही माझी होती आणि माझी नोकरी अजून अकरा वर्षं बाकी होती. मला काळजी होती ती माझी. दादांनी माझं ऐकलं. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा माझं काही ऐकलं, आणि नेमकं हेच.

निरोपाच्या दिवशी सगळ्यांनी त्यांचं कौतुक केलं. बोलायची पाळी आली तेव्हा ते हात जोडून खाली बसले. लोक म्हणाले, भरून आलंय.

दोन वर्षांनी किडनीचा एक तुकडा आला. सुतार, वय चौतीस, आणि अर्जावर डॉक्टरीणबाईंच्या अक्षरात: थोरला भाऊ बसचालक, डायलिसिस. तीन काप वाया घालवले, चौथा रुपेरी आला. पट्टे शोधावे लागलेच नाहीत. बाईंनी फोटो पाहिले आणि म्हणाल्या, "औषध सुरू करू. पण किडनी अर्ध्याहून जास्त गेलीय हो. दोन वर्षांपूर्वी याची लघवी तपासली असती तर जवळजवळ सगळी वाचली असती." संध्याकाळी मी दादांच्या घरी गेले आणि दारातच सगळं सांगून टाकलं. त्यांनी मला बस म्हटलं नाही. चपला घातल्या आणि म्हणाले, "उद्या सकाळी चल माझ्याबरोबर."

सकाळी बाईंच्या खोलीत सुतार बसला होता. जाडजूड बोटं, नखांत लाकडाचं पॉलिश. दादा त्याच्यासमोर उभे राहिले. बाईंनी खुर्ची दिली, ते बसले नाहीत. तुझ्या भावाच्या वेळी मी हे पाहिलं होतं, म्हणाले, मला ते खराब काप वाटले, फोटो काढला नाही. आणि दोन वर्षांपूर्वी मला कळलं की ते खराब नव्हते.

सुताराने सगळं शांतपणे ऐकलं. शाळेत असल्यापासून तळहातांची आग होते म्हणाला, घरचे म्हणायचे नाटकं करतो. मग त्याने विचारलं, "दोन वर्षांपूर्वी कळलं होतं, तर तेव्हा का नाही सांगितलंत?"

मी सुताराच्या फोटोंची फाइल घेऊन दाराशी उभी होते. बोलायला तोंड उघडलंही.

"घाबरलो," दादा म्हणाले. "मी घाबरलो, बाळा."

बाईंनी विचारलं, "आणखी कोणाला माहीत होतं का?"

"नाही," दादा म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

बाईंनी ते लिहून घेतलं, दादांनी खाली सही केली. मग बाईंनी हात पुढे केला आणि मी त्यांना फाइल दिली.